मदत हवी आहे : 'माउलवुर्फ' या जर्मन जोडशब्दाची व्युत्पत्ती

तळटीपवाली : 'माउल' म्हणजे जनावराचे तोंड आणि 'वुर्फ' म्हणजे फेक, एवढे मला ठाऊक आहे, तरीही या जोडशब्दाचा मेळ बसत नाही. मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

कोशकीटक : प्राणी अभिप्रेत आहे की शत्रूच्या गोटात पेरलेला हेर? जर्मनमध्ये दोघांनाही हाच शब्द आहे.

तळटीपवाली : अर्थातच प्राणी, जमिनीखाली बिळे करून राहणारा, इंग्रजीतला 'मोल'! मुलांची गोष्ट आहे. चित्रात तो फावड्यासारख्या पुढच्या पंजांनी माती उकरतो आहे आणि खाली मी 'तोंडाने माती फेकणारा' असे लिहून बसले आहे.

मूळशोधक : संस्कृत 'मूल' उघड दिसते. मुळे उपटून फेकणारा तो माउलवुर्फ. 'मूषक' आणि 'माउस' ही जोडी पाहावी.

कोशकीटक : मूषक आणि माउस यांचे नाते खरे आहे, पण त्यावरून हे सिद्ध होत नाही; शिवाय हा प्राणी मुळे नव्हे, गांडुळे खातो. प्राचीन उच्च जर्मनमध्ये शब्द होता 'मूवेर्फ' : 'मू' म्हणजे ढीग, 'वेर्फ' म्हणजे टाकणारा. 'मू'चा अर्थ लोक विसरले, तेव्हा त्याच्या जागी 'मोल्ट', म्हणजे माती, आले. तेही अनोळखी झाल्यावर 'मूल', म्हणजे तोंड, येऊन बसले आणि 'हूस'चे 'हाउस' झाले त्याच नियमाने त्याचे 'माउल' झाले. 'फेकणारा' जाऊन 'फेक' उरली, तीही याच ओघात. डॅनिश 'मुल्डवार्प'मध्ये माती अजून शाबूत आहे.

हिरवळ : एवढा खल कशाला? सरळ 'चिचुंद्री' म्हणावे.

तळटीपवाली : चिचुंद्री हा वेगळा प्राणी आहे, आणि मराठी नाव मी विचारलेलेच नाही.

वर्गशिक्षक : माझे विद्यार्थी 'फ्रीडहोफ', म्हणजे दफनभूमी, या शब्दाची फोड दरवर्षी 'शांततेचे अंगण' अशी करतात. मूळ अर्थ कुंपण घातलेले आवार असा आहे. 'फ्रीडे', म्हणजे शांतता, मागाहून चिकटली. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या बोलींत 'फ्राइटहोफ' हे रूप आजही ऐकू येते.

मूळशोधक : तरीही संस्कृत 'मूल' मला पटते.

तळटीपवाली : माझ्या गोष्टीत दफनभूमी नाही, तरी आभार. तळटीप 'मातीचे ढीग टाकणारा' अशी बदलली आहे. फक्त एक सांगावे : मूळ शब्दातला 'मू' ऱ्हस्व की दीर्घ?

कोशकीटक : दीर्घ.