कोलंबसमध्ये जुनंही बरंच आहे

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात फक्त 'मॉडर्न' इमारती आहेत, जुनं काही नाही. तसं नाही हो. गावाच्या मध्यभागी १८७४ चं लाल विटांचं, मनोऱ्याचं कोर्टहाऊस आजही दिमाखात उभं आहे. वॉशिंग्टन स्ट्रीटवर १९०० साली सुरू झालेलं झहाराकोस आइस्क्रीम पार्लर आहे. तिथला ओनिक्स दगडाचा सोडा फाउंटन आणि आपोआप वाजणारा अवाढव्य ऑर्गन चुकवू नका.

पण या गावाची खरी गंमत म्हणजे इथल्या डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांची शक्कल. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरांची संख्या वाढली, घाईघाईत शाळा बांधायची वेळ आली. तेव्हा कंपनीच्या फाउंडेशननं शाळा मंडळाला सांगितलं, आम्ही दिलेल्या यादीतला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही भरू; बांधकामाचा खर्च तुमचा. आर्किटेक्ट हॅरी वीसनं आखलेली १९५७ ची शाळा ही त्याची सुरुवात. मग फायर स्टेशनांपर्यंत सगळ्यालाच नामवंत हात लागले. लायब्ररी आर्किटेक्ट आय. एम. पै यांची, १९६९ ची.

मला स्वतःला आर्किटेक्ट एरो सारिनेनची १९५४ ची बँकेची इमारत सगळ्यात आवडते (आता तिथे बँक नाही). बुटकी, चारी बाजूंनी काच, आणि कॅशियरपुढे जाळीच नव्हती! त्या काळात बँक म्हणजे दगडी खांब नि गज.

पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर कमिन्समुळे (आताची कमिन्स इंडिया) आपल्याकडच्या कित्येक इंजिनिअरांना हे गाव माहीत असतं, पण बहुतेकांचं प्लँट ते हॉटेल एवढंच फिरणं होतं. एखादा रविवार हाताशी ठेवा. डाउनटाउन पायीच होतं.