डेबियन 12 : काढलेल्या पॅकेजच्या 'आरसी' नोंदी कशा पुसायच्या?

उद्यमनगर_डेबियन :
शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीचा बिलिंग सर्व्हर डेबियन 11 वरून 12 वर नेलाय. 'ॲप्ट रिमूव्ह'नं पोस्टग्रेस 13 (डेटाबेस) आणि अपाचे (वेब सर्व्हर) काढलं, 'ऑटोरिमूव्ह'ही (नको झालेली पॅकेजेस आपोआप काढणं) केलं. तरी 'डीपीकेजी -एल'मध्ये (पॅकेजच्या यादीत) या दोघांच्या आणि 5.10 च्या जुन्या कर्नलच्या ओळी 'आरसी'नं सुरू होतात. डीपीकेजीची स्टेटस फाइल (जिथं पॅकेजच्या नोंदी असतात) उघडून या नोंदी हातानं उडवल्या तर चालेल का?

रंकाळा_रूट :
नको. 'आर' म्हणजे पॅकेज काढायला सांगितलंय, 'सी' म्हणजे प्रोग्रॅम गेला पण कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली उरल्यात. नोंद हातानं उडवली तर 'ईटीसी'मधल्या फाइली तशाच राहतात आणि त्या कुठल्या पॅकेजच्या, हे डीपीकेजीला कळत नाही. ऑटोरिमूव्ह यांना हात लावत नाही, त्याच्या लेखी पॅकेज आधीच निघालंय.

पर्ज म्हणजे कॉन्फिग फाइलींसकट काढणं, '~सी' म्हणजे अशा 'आरसी' नोंदी. '-एस' लावून, काहीही न काढता, आधी नुसतं बघा :
ॲप्ट -एस पर्ज '~सी'
यादी पटली की '-एस' काढून सुडोनं तीच कमांड. '~सी'भोवतीची अवतरणचिन्हं ठेवाच, शेल '~' चा अर्थ होम फोल्डर असा लावतं. हा पॅटर्न ॲप्ट 2.0 पासून चालतो.

अपाचेचं 'ईटीसी'तलं फोल्डर 'आरएम'नं (थेट फाइली पुसणारी कमांड) उडवायचा मोह टाळा. नोंद 'आरसी' असताना फाइल गायब दिसली, तर तुम्ही ती मुद्दाम काढली असं डीपीकेजी धरतं आणि अपाचे पुन्हा टाकलं तरी ती परत देत नाही. मग सर्व्हिस सुरूच होत नाही. त्यावर उपाय पर्ज करून नव्यानं टाकणं.

बावडा_सर्व्हर :
भावा, सरसकट पर्ज करू नकोस, यादीत पोस्टग्रेस 13 आहे! त्याच्या पर्जमध्ये 'वार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/13' मधला डेटासुद्धा जाऊ शकतो. तो काढायचा का, असं विचारलं जातं. पण 'नॉनइंटरॅक्टिव्ह' (काही न विचारता चालणं) ठेवलं असेल तर प्रश्न दिसणारच नाही. आधी 'पीजी_एलएसक्लस्टर्स' चालव, पोस्टग्रेसच्या डेटा-संचांची (क्लस्टर्सची) यादी दिसेल. तिथं 13 समोर 'डाउन, बायनरीज_मिसिंग' दिसलं तर 13 चा डेटा आहे पण प्रोग्रॅम नाही, आणि बिलांचा डेटा अजून डेबियन 12 च्या पोस्टग्रेस 15 मध्ये गेलेला नसू शकतो. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून 13 परत टाक, 'पीजी_डम्पऑल'नं डम्प (सगळ्या डेटाची प्रत) घे, तो 15 मध्ये चढवून बिलं तपास. तोवर पर्ज फक्त बाकीच्यांची, नावं देऊन.

उद्यमनगर_डेबियन :
क्लस्टर्समध्ये तेच दिसतंय, 13 ला हात लावत नाही. बाकीच्यांत एक पॅकेज 'पोस्ट-रिमूव्हल स्क्रिप्ट, एक्झिट स्टेटस 1' म्हणून अडलंय.

रंकाळा_रूट :
'वार/लिब/डीपीकेजी/इन्फो'मध्ये त्या पॅकेजच्या नावाची '.पोस्टआरएम' फाइल आहे. पहिल्या ओळीखाली 'सेट -एक्स' (चालणारी प्रत्येक ओळ दाखवतं) घालून पर्ज पुन्हा चालवा, कुठल्या ओळीवर अडतंय ते दिसेल. बहुतेकदा आधीच गेलेला युजर किंवा फोल्डर काढायला ती जाते. तेवढीच ओळ दुरुस्त करा. सगळी स्क्रिप्ट 'एक्झिट 0'नं (सगळं ठीक, असं सांगून थांबणं) गप्प करणं शेवटचा मार्ग, कारण मग तिची पुढची साफसफाईही राहून जाते.

कर्नल काढताना 'लिब/मॉड्यूल्स'चं फोल्डर रिकामं नाही अशी सूचना आली तर आत बहुधा डीकेएमएसची (कर्नलसाठी वेगळी मॉड्यूल्स बनवणारं साधन) मॉड्यूल्स असतात. 'यूनेम -आर' (चालू कर्नलची आवृत्ती) 6.1 दाखवत असेल, तर ते 5.10 चं फोल्डर हातानं काढायला हरकत नाही.