मदत हवी आहे: चष्मा, तांब्याची भांडी आणि एकच एलईडी पॅनल

रविवारी पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीतल्या एका आजोबांची मुलाखत शूट करायचीय. आम्ही दोघंच, सामान स्कूटरवर मावेल तेवढंच: एक पॅनल (सपाट एलईडी लाइट), सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारं कापडी आवरण), उजेड परतवायला थर्माकोलची शीट. ट्यूबलाइटचं फ्लिकर (व्हिडिओत दिसणारी लुकलुक) कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद केल्यावर गेलं. पण चष्म्यात पॅनलचा पांढरा चौकोन दिसतोच. पॅनल उंच, बाजूला नेला तर डोळ्यांखाली सावल्या. चष्मा काढा म्हणवत नाही, दिसत नाही त्यांना. शिवाय मागच्या घासलेल्या भांड्यांत पॅनलही दिसतो आणि मीही! खिडकीच्या उजेडाला जुळवून पॅनल ५६०० केल्विनवर (दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या रंगावर) ठेवलाय. मागचा पिवळा बल्ब चालू ठेवू का? बंद केला की दुकान मेल्यासारखं दिसतं. थर्माकोल खालून, मांडीजवळ धरून कुणी सावल्या भरल्यात का?