कच्चा गांजा: ‘कच्चा’ म्हणजे नेमका कसा?

एका मजकुराचं मराठीकरण करतेय. त्यात ‘गांजाच्या कच्च्या फुलात नशा न आणणारी कॅनाबिनॉइड्स असतात’ असं वाक्य आलंय (कॅनाबिनॉइड्स म्हणजे गांजाच्या झाडातली खास रसायनं). कच्चं म्हणजे न पिकलेलं का? मग पिकल्यावर नशा येते असं समजायचं?

— नाही, पिकण्याशी संबंध नाही. कैरी कच्ची असते तसा हा कच्चा नव्हे; मडकं कच्चं असतं तसा. म्हणजे आच न लागलेला. पूर्ण तयार झालेल्या ताज्या फुलोऱ्यातसुद्धा टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य कॅनाबिनॉइड, थोडंच असतं. झाड बनवतं ते टीएचसीए. शेवटचा ‘ए’ ॲसिडचा, म्हणजे आम्लाचा. हे आम्ल मेंदूतल्या सीबी१ ग्राहीवर (टीएचसी जिथे चिकटून नशा आणतं त्या जागेवर) नीट बसत नाही, म्हणून चढत नाही. उष्णता मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि टीएचसी उरतं. रेणुभार ३५८ वरून ३१४ वर येतो. म्हणून प्रयोगशाळा टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून संभाव्य टीएचसी काढतात. सीबीडीए या दुसऱ्या आम्लाचं सीबीडी हे नशा न आणणारं कॅनाबिनॉइड होतं तेही असंच. झाडात ही दोन्ही आम्लं सीबीजीए या तिसऱ्या आम्लापासून बनतात.

— एक खोडी काढतो. ‘गांजाचं फूल’ म्हणजे पिवळा पीतांबर! मादी झाडाचा फुलोरा म्हणजेच गांजा. पानं ती भांग, राळ तो चरस. तेव्हा नुसतं ‘कच्चा गांजा’ पुरे.

— मान्य. पण ‘कच्चा म्हणजे निर्धोक’ असा अर्थ कुणी काढू नये. साठवणुकीत, ऊन-उबेनेही टीएचसीएचं हळूहळू टीएचसी होत राहतं. आणि कच्चा असला तरी कायद्याच्या लेखी तो बहुतेक ठिकाणी गांजाच.

— मूळ मजकुरात ‘नॉन-सायकोॲक्टिव्ह’ आहे. ‘मनावर परिणाम न करणारी’ लिहू का?

— नको. सीबीडीने झिंग येत नाही, पण मेंदूवर त्याचा परिणाम होतो. अपस्माराच्या काही दुर्मिळ प्रकारांवर ते औषध म्हणून वापरतात. तुम्ही आधी लिहिलेलं ‘नशा न आणणारी’च नेमकं आहे.

— जाता जाता: शरीर स्वतः बनवतं त्या कॅनाबिनॉइडसारख्या रेणूचं १९९२ साली बारसं झालं, ‘आनंदामाइड’. त्यातला आनंद आपलाच, संस्कृतातला. त्याचं मात्र मराठीकरण करत बसू नका.