गोलमेज नाही तेच बरं

ब्रिटनच्या दंतकथेतल्या राजा आर्थरवरच्या 'द विंटर किंग' मालिकेचे पहिले दोन भाग बघून कुणीतरी विचारलंय, ना त्याच्या सरदारांचं ते प्रसिद्ध गोलमेज, ना चकचकीत चिलखतं, मग हा आर्थर कसला? अहो, मला तर नेमकं तेच आवडलं! गोष्ट पाचव्या शतकातली, रोमन लोक ब्रिटन सोडून गेल्यानंतरची. गोलमेज अवतरलं थेट ११५५च्या सुमारास, वास नावाच्या कवीच्या काव्यात. आर्थरचा नामांकित सरदार लॅन्सलॉट तर त्याच्याही नंतरचा, फ्रेंच कवी क्रेतियँच्या लेखणीतून आलेला. नवव्या शतकातल्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम'मधला आर्थर म्हणजे राजांच्या सोबतीनं लढणारा सेनापती, नावावर बारा लढाया. बर्नार्ड कॉर्नवेलच्या १९९५च्या कादंबरीनं तोच धागा पकडला आणि मालिकाही त्याच वाटेनं जाते. चिखल, धूर, लाकडी कोट. झकास!

एडी मार्सननं साकारलेला राजा उथर, म्हणजे आर्थरचा बाप, बघून अंगावर काटा आला. वारस मेल्याचा राग अनौरस आर्थरवर काढतो तो प्रसंग बघवत नाही.

जादूगार मर्लिनचं मात्र जमलं नाही बुवा. पुस्तकात तो बराच काळ गायब असतो, नुसती चर्चा चालते, म्हणून दरारा वाटतो. इथे पहिल्याच भागात समोर हजर! शिवाय पुस्तकात गोष्ट सांगणारा म्हातारा डर्फेल मठात बसून आठवणी लिहितो, त्याचा तो तिरकस सूर पडद्यावर हरवलाय.

तिसरा भाग आज रात्री. घरातून ताकीद मिळालीय, जेवताना लावायचा नाही.