टूडर ब्लॅक बे ५८ ची चेन घरी काढायची आहे: नेमकी कोणती हत्यारं घ्यावीत?

ओलाचिंब_ठाणे

नमस्कार मंडळी. घड्याळ टूडर ब्लॅक बे ५८, केस (घड्याळाची डबी) ३९ मिमी, दोन लगांमधलं (केसची शिंगं, जिथे चेन जोडते) अंतर २० मिमी. पावसाळ्यापुरती स्टीलची चेन काढून नायलॉनचा एकसंध पट्टा लावायचा आहे, दिवाळीच्या सुमारास परत चेन. म्हणजे वर्षातून दोनदा काम. लगांना बाहेरून छिद्रं नाहीत आणि एंड लिंक (केसला टेकणारी चेनची शेवटची कडी) भरीव आहे.

ऑनलाइन तीन प्रकार दिसतात. पेनसारखं हत्यार, एका टोकाला बेचकी आणि दुसऱ्या टोकाला सुई. दुसरा म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा. तिसरा म्हणजे हातोडी, ठोकायचे खिळे आणि प्लास्टिकचा ठोकळा असलेला वीस-पंचवीस नगांचा स्वस्त संच. यातलं काय घ्यावं? लगवर ओरखडा येऊ नये, एवढी एकच अट आहे. आणि बर्जन या स्विस कंपनीचंच घ्यायला हवं का?

---

केसबॅक

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते समजून घ्या, म्हणजे हत्यार निवडणं सोपं जाईल.

चेन लगांना जोडणारा स्प्रिंग बार म्हणजे एक नळी, तिच्या पोटात स्प्रिंग आणि दोन्हीकडे आत दबणारी टोकं. टोकापासून जरा आत एक कॉलर, म्हणजे उठावदार कडं असतं. घड्याळ पालथं केलं की एंड लिंकच्या मागे दोन्ही कडांना बारीक खाचा दिसतात. त्या खाचेतून बेचकी घालायची, कॉलरला अडकवायची आणि टोक आतल्या बाजूला सरकवायचं. चामड्याच्या पट्ट्याचं एक टोक सुटलं की पट्टा तिरका करून काढता येतो. भरीव एंड लिंक मात्र दोन लगांमध्ये इतकी चपखल बसलेली असते की तिरकं व्हायला जागाच नसते. एक टोक दाबून दुसऱ्याकडे वळलात की पहिलं परत छिद्रात जाऊन बसतं. मग माणूस जोर लावतो, बेचकी निसटते आणि लगच्या खालच्या कडेवर रेघ उमटते.

टूडरचं स्टील ३१६एल आहे, गंजायला चिवट पण कडकपणात मध्यम. बेचकीचं पोलाद कडक केलेलं असतं, त्यामुळे दोघांची गाठ पडली की खूण नेहमी घड्याळावरच उठते. रोलेक्सच्या ९०४एल स्टीलचंही तेच, सोन्याचं तर विचारूच नका.

यावर सरळ उपाय म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी दाबणारा चिमटा. बर्जनचा ७८२५ याच कामासाठी आहे. दोन बेचक्या दोन खाचांत बसवायच्या, हळू दाबायचं, दोन्ही टोकं छिद्रांतून सुटली की एंड लिंक सरळ खाली येते. निसटायचा प्रसंगच कमी येतो, कारण जोर लगच्या दिशेने लागत नाही, दोन्हीकडून मध्याकडे लागतो.

हातोडी-खिळ्यांचा संच या कामाचा नाही. तो चेनच्या कड्या कमी करण्यासाठी असतो, तोही फक्त ठोकून काढायच्या पिना असलेल्या चेनसाठी. ब्लॅक बे ५८ च्या कड्यांना स्क्रू आहेत, तिथे खिळा ठोकायचा नाही.

---

भिंगवाला_सातारा

केसबॅक यांच्याशी बहुतांशी सहमत, पण वर्षातून दोनदा काम असेल तर ७८२५ घेतलाच पाहिजे असं नाही. त्याची किंमत पेनसारख्या हत्याराच्या कित्येक पट आहे. बर्जनचं ६७६७-एफ पुरतं. यातल्या ‘एफ’चं टोक बारीक आहे, ६७६७-एस ची बेचकी रुंद आहे. एंड लिंकची खाच अरुंद असेल तर रुंद बेचकी आत जातच नाही, नुसती वरून घासते. पहिला ओरखडा बहुतेक वेळा तिथेच येतो, म्हणून टूडरसाठी एफ घ्या.

पद्धत अशी. क्लास्प (चेनचा कुलपी हूक) उघडा ठेवा, क्राउन (चावीची कळ) पूर्ण आवळलेला आहे ना ते बघा आणि घड्याळ मऊ फिक्या कापडावर पालथं घाला. कापड फिकं घ्यायचं कारण, उडालेला बार फरशीवर सापडत नाही. डोळ्याला तीन-चार पटीचं भिंग लावा. लगच्या खालच्या बाजूला कॅप्टॉन टेप (पातळ प्लास्टिकची चिकटपट्टी) कडेपर्यंत लावा, खाच तेवढी मोकळी सोडा. साधी मास्किंग टेप जाड असते, ती एंड लिंकच्या फटीजवळ गोळा होते आणि बेचकीला नीट टेकू देत नाही.

आता बेचकी कॉलरला अडकली आहे हे हाताला कळलं पाहिजे. हत्यार किंचित हलवलं की बारही हलतो. हलत नसेल तर बेचकी कॉलरवर नाही, नळीवर घसरते आहे. तेव्हा दाबू नका, बाहेर काढून पुन्हा बसवा.

टोक आत सरकवताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एंड लिंक हलकेच खाली, म्हणजे केसपासून दूर ढकलत राहा. किंचित सरकली तरी पुरे, टोक छिद्राच्या काठावरून उतरून लगच्या आतल्या भिंतीला टेकतं आणि परत आत शिरत नाही. मग दुसरी बाजू. तीही तशीच सुटली की चेन हातात येते.

या पद्धतीत लगच्या आतल्या भिंतीवर टोक घासल्याची बारीक खूण राहू शकते. चेन लावल्यावर ती दिसत नाही, पण नायलॉनचा पट्टा लावलात तर तिरक्या प्रकाशात दिसेल. ही खूण नको असेल तर केसबॅक म्हणतात तो चिमटाच बरा.

---

काटासेकंद

एक भर. चिमट्याची स्वस्त नक्कल घेणार असाल तर घड्याळाला लावण्याआधी एका सुट्या २० मिमी बारवर तपासा. दोन बेचक्या एका रेषेत येतात का, हे उजेडासमोर धरून बघा. एक वर आणि एक खाली असेल तर दाबताना खालची निसटते, आणि मग चिमट्याचा सगळा फायदा संपला. दुसरं म्हणजे बेचकीच्या आतल्या कडेला यंत्रावरची कोर राहिलेली असते. नखाला खरखर लागली तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-चार हात मारून ती काढा. तिसरं, टोकं बदलता येतात का ते पाहा. बेचकी वाकली की सरळ करून वापरायची नसते, ती तिथेच तुटते.

बर्जन ही स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लची १७९१ पासूनची कंपनी आहे, हत्यारं उत्तम असतात. पण चांगल्या हत्याराचंही टोक झिजलं की त्याचा फायदा उरत नाही. पैसे वाचवायचे असतील तर हत्यारावर वाचवा, जादा टोकं मात्र सोबत घ्याच.

---

ओलाचिंब_ठाणे

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. आणखी दोन शंका. नायलॉनच्या पट्ट्यासाठी चेनचेच मूळ बार वापरायचे का? आणि चेन परत बसवताना ती नीट बसली हे कसं ओळखायचं?

---

केसबॅक

बारची लांबी २० मिमी हवी हे उघड आहे, पण बहुतेक जण टोकाची जाडी विसरतात. टोक लगच्या छिद्रात खेळ न राहता बसलं पाहिजे. बारीक टोकाचा बार घातला तर तो छिद्रात डुगडुगतो आणि हळूहळू छिद्र झिजवतो. सेको डायव्हरचे २.५ मिमी जाडीचे बार मजबूत म्हणून कुणी सुचवतील, ते या घड्याळासाठी नाहीत.

मूळ बार लावून पट्टा केस आणि बारच्या मधून जातो का ते पाहा. जात असेल तर तेच वापरा. पट्टा जाड असून अडकत असेल तर मूळ बारइतक्याच जाडीची टोकं पण नळी १.८ किंवा १.५ मिमीची, असे बार घ्या. पट्टा ओढून-ताणून घुसवला की बार केसच्या उलट दिशेला वाकतो, आणि वाकलेल्या बारचं टोक छिद्रात पूर्ण जात नाही.

नायलॉनच्या पट्ट्यात आधी नुसते बार लावायचे आणि मग पट्टा ओवायचा. तेव्हा कॉलर उघडी असते, त्यामुळे बेचकी बसवणं चेनच्या मानाने फार सोपं जातं.

---

भिंगवाला_सातारा

परत बसवायचं काम काढण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एंड लिंकच्या नळीतला जुना मळ काढा. कोमट पाणी, भांड्याचा साबण एक थेंब, मऊ टूथब्रश. सनस्क्रीन आणि घाम यांचा राखाडी गाळ तिथे साचतो आणि बारची स्प्रिंग अडते. चेन केसपासून सुटी आहे, तेव्हा निर्धास्त धुवा आणि पूर्ण वाळवा. बार बोटांत दाबून पाहा, दोन्ही टोकं टचकन बाहेर आली पाहिजेत. एक टोक सुस्त असेल किंवा टोकावर चपटा झिजका भाग दिसत असेल तर तो बार टाकून द्या. घामाने गंजलेला बार साफ करून परत लावण्यात अर्थ नाही, आतली स्प्रिंग दिसतच नाही.

मग बार एंड लिंकमध्ये घाला, एक टोक लगच्या छिद्रात बसवा. दुसरं टोक बेचकीने आत धरून एंड लिंक खालून वर, केसच्या वळणाला टेकेपर्यंत सरकवा आणि बेचकी अलगद मागे घ्या. टक् असा आवाज येतो. आवाज आला नाही तर टोक छिद्राच्या काठावर थांबलेलं असतं. एंड लिंक वरून हलक्या हाताने दाबत किंचित मागेपुढे केली की ते आपोआप आत पडतं. इथे हत्याराने ढकलू नका. सगळं काम पारदर्शक झिपच्या पिशवीत हात घालून केलंत तर सुटलेला बार पिशवीतच राहतो. तरीही चष्मा घाला, बार डोळ्याच्या उंचीवर उडतो.

तपासणी अशी. भिंगातून मागच्या दोन्ही खाचांत पाहा, कॉलर आणि लग यांच्यामधलं अंतर दोन्हीकडे सारखं दिसलं पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर त्या बाजूचं टोक पूर्ण गेलेलं नाही. मग उशीवर धरून केस एका हातात आणि चेन दुसऱ्या हातात, चारही दिशांना जोर लावून ओढा. सैल बसलेला बार इथेच सुटतो, रस्त्यावर नाही.

---

लंबक_नाशिक

चेनच्या कड्या कमी करायचा विचार येईलच, म्हणून तेवढं लिहून ठेवतो. टूडर-रोलेक्सच्या कड्यांच्या स्क्रूला साधारण १.६ मिमी रुंद पातं लागतं, पण आकड्यावर विसंबू नका. पातं खाचेच्या पूर्ण लांबीला आणि तळाला टेकलं पाहिजे. पाचरीसारखं निमुळतं पातं खाचेच्या उतारावरून वर चढतं आणि डोक्याची कड उचकटते. समांतर घासलेलं पातं घ्या आणि चेन कड्यांच्या ठोकळ्यात घट्ट धरा.

या स्क्रूंना लॉकटाइट (स्क्रू पक्के ठेवणारा गोंद) लावलेलं असतं. सुटत नसेल तर जोर वाढवू नका. चेन केसपासून सुटी करा आणि त्या कडीवर हेअर ड्रायरची गरम हवा दोन-तीन मिनिटं धरा. केस जोडलेली असताना गरम केलं तर पाणी रोखणाऱ्या रबरी गॅस्केटवर परिणाम होतो, म्हणून आधी सुटी करणं महत्त्वाचं. परत लावताना स्क्रूच्या आट्यांवर लॉकटाइट २२२ सुईच्या टोकावर मावेल एवढंच. ते जांभळं असतं आणि बारीक स्क्रूंसाठी असतं. निळं २४३ चालतं, पण पुढच्या वेळी सोडवायला जास्त उष्णता लागते. लाल कधीच नाही. जास्त लागलं तर ते कडीच्या सांध्यात शिरून कडी जाम होते, बाहेर आलेलं लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पूर्ण पक्कं व्हायला २४ तास द्या.

कड्या काढण्याआधी क्लास्पमधली बारीक जुळणी करून पाहा. या क्लास्पला बाजूने छिद्रं आहेत. तिथे ६७६७ चं सुईचं टोक बाहेरून घालून बार दाबायचा, एक घर सरकवायचं. अनेकदा तेवढ्यानेच चेन बेताची बसते आणि स्क्रूला हात लावावा लागत नाही.

---

काटासेकंद

हा धागा वाचून कुणी दुसऱ्या घड्याळाला हात घालेल म्हणून लिहितो. छिद्रं असलेल्या लगांना, उदाहरणार्थ रोलेक्स सबमरीनर १६६१० च्या जुन्या नगांना किंवा सेको एसकेएक्स००७ ला, बाहेरून सुईचं टोक पुरतं, बेचकीची गरज नाही. सुई छिद्रापेक्षा बारीक आणि सरळ हवी, वाकडी असेल तर छिद्राचा काठ खराब होतो. २०१८ पासूनच्या ‘सांतोस द कार्तिए’ला क्विकस्विच (बटण दाबून पट्टा सोडायची सोय) आहे, तिथे हत्यारच लागत नाही. ओडेमार्स पिगे रॉयल ओकची चेन केसशी अखंड जोडलेली असते, ती घरी काढू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

ओलाचिंब, तुमच्यासाठी यादी अशी: ६७६७-एफ, बेचकीची जादा टोकं एक जोडी, कॅप्टॉन टेप, भिंग, झिपची पिशवी आणि २० मिमीचे जादा बार दोन जोड्या. आतल्या भिंतीवरची खूण अजिबात चालणार नसेल तर ६७६७ च्या जोडीला चिमटा. काढलेले मूळ बार चेनसोबतच एका पुडीत ठेवा आणि पुडीवर घड्याळाचं नाव लिहा.