ग्रँट डफच्या बॅन्फशायरमध्ये काय पाहावे आणि कागद कुठे शोधावेत?

करवीरवाचक (कोल्हापूर)

सर्वांस नमस्कार. मुलगी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीनला असल्यामुळे येत्या मे-जूनमध्ये पाच आठवडे तिच्याकडे राहण्याचा योग आहे. मी इतिहासाचा सेवानिवृत्त शिक्षक असून गेली काही वर्षे येथील पुराभिलेखागारात मोडी रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) वाचत असतो. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट आणि मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हा १७८९ मध्ये बॅन्फ या समुद्रकाठच्या गावी जन्मला, आणि बॅन्फ अ‍ॅबरडीनपासून साधारण पंचाहत्तर किलोमीटरवर आहे, हे नकाशात पाहिल्यापासून तिकडे जाण्याची ओढ लागली आहे.

करवीरच्या गादीकडे त्याने पुण्या-साताऱ्याच्या दफ्तरांतून पाहिले, आणि त्यामुळे आमचा भाग त्याच्या ग्रंथात नेहमी कडेला राहतो, असे माझे वाचन आहे. त्याने कोणते कागद पाहिले आणि कोणते बाजूला ठेवले हे कळावे, अशी इच्छा आहे. त्याचे मूळ कागद तिकडच्या एखाद्या जिल्हा दफ्तरात किंवा लहानशा वस्तुसंग्रहालयात मिळण्यासारखे आहेत का? त्या परगण्यातील कोणती संग्रहालये आणि दफ्तरे पाहण्याजोगी आहेत, आणि जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी? वयोमानाप्रमाणे धावपळ झेपत नाही, त्यामुळे नेमके दोन-चार दिवस ठरवून जावे असा विचार आहे.

डोनकाठची_कोल्हापूरकर

सर, नमस्कार. मी मूळची मंगळवार पेठेतली, अकरा वर्षांपासून अ‍ॅबरडीनमध्ये आहे आणि सुट्टीच्या दिवशी या किनाऱ्यावरची लहान संग्रहालये पाहण्याचा मला छंद आहे.

सर्वांत आधी हद्दींचा घोळ समजून घ्यावा, कारण त्यावाचून दफ्तर सापडत नाही. बॅन्फशायर हा जुना परगणा १९७५ च्या पुनर्रचनेत कारभारापुरता संपला. त्याचे दोन तुकडे झाले, आणि १९९६ पासून पूर्वेकडचे बॅन्फ, मॅकडफ, पोर्टसॉय ही गावे अ‍ॅबरडीनशायर कौन्सिलकडे, तर पश्चिमेकडची बकी, कलन, कीथ ही मरे कौन्सिलकडे आहेत (लिहिताना ‘मोरे’सारखे दिसते, पण उच्चार ‘मरे’ असाच होतो). त्यामुळे पूर्वेकडच्या गावांचे स्थानिक कागद अ‍ॅबरडीन शहर आणि अ‍ॅबरडीनशायर यांच्या संयुक्त दफ्तरखान्यात पाहावे लागतात, आणि पश्चिमेकडच्या गावांसाठी एल्गिन येथील स्थानिक वारसा केंद्र गाठावे लागते. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यावर कोणता कागद कोणत्या खात्यात गेला हे जसे विचारत बसावे लागते, तसाच हा प्रकार आहे. बॅन्फला आता रेल्वे जात नाही, बसने जावे लागते. एल्गिन मात्र अ‍ॅबरडीन-इन्व्हरनेस रेल्वेमार्गावर आहे.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती मी जरा ठासून सांगते. ‘ग्रँट डफ’ या नावाने शोधू नका. तो जन्माने नुसता जेम्स ग्रँट. ‘डफ’ हे त्याच्या आईच्या माहेरचे नाव, आणि भारतातून परतल्यावर आजोळची ईडन ही इस्टेट वारशाने आली तेव्हा त्याने ते आपल्या नावाला जोडले. त्यामुळे त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद पाहायची असो की साताऱ्याहून त्याने पाठवलेले पत्र, सूचीत ‘ग्रँट’ पाहावे. येथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचे सारे पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, नोंदवह्यांत असते, आणि त्या वह्या ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून घरबसल्या पाहता येतात. हे काम कोल्हापुरातूनच उरकून यावे.

तिसरे, ‘डफ’ दिसला की तो आपलाच, असे समजू नये. बॅन्फला ‘डफ हाउस’ नावाचा मोठा वाडा आहे. विल्यम अ‍ॅडम या वास्तुरचनाकाराने १७३५ मध्ये त्याचे काम सुरू केले, आणि आज तेथे राष्ट्रीय चित्रसंग्रहातील चित्रे मांडलेली आहेत. वाडा अवश्य पाहावा, परंतु तो फाइफच्या अर्लांचा. आपल्या ग्रँट डफचे घर ते नव्हे. त्या अर्ल घराण्याचे कागद अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या विशेष संग्रहात आहेत, आणि सूचीत ‘डफ’ शोधले की प्रथम तेच समोर येतात. माझे स्वतःचे दोन दिवस त्यात गेले. आपल्या ग्रँट डफची ईडन इस्टेट बॅन्फच्या दक्षिणेला, डेव्हरन नदीच्या बाजूला, आणि तीही जुन्या अ‍ॅबरडीनशायरच्या हद्दीत येते. म्हणजे माणूस बॅन्फचा आणि जमीन शेजारच्या परगण्यातली. याच ईडनला १८२९ मध्ये त्याचा मुलगा जन्मला, ज्याचे नाव त्याने आपल्या पुण्यातल्या वरिष्ठावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे ठेवले. तो पुढे १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता.

आता बॅन्फच्या वस्तुसंग्रहालयाविषयी. ते १८२८ मध्ये सुरू झाले, म्हणजे स्कॉटलंडमधील सर्वांत जुन्यांपैकी एक. ग्रँट डफ तेव्हा चाळिशीच्या आत होता आणि जवळच ईडनला राहत होता, हे ध्यानात ठेवून ते पाहिले की वेगळेच वाटते. त्या संग्रहात आलेली एक वस्तू मला फार प्रिय आहे. १८१६ मध्ये डेस्कफर्ड येथे पीटच्या दलदलीत खणताना पितळी पत्र्याचे एक रानडुकराचे तोंड सापडले, आणि ते कार्निक्स नावाच्या उभ्या धरायच्या रणवाद्याचे टोक निघाले. आपल्या तुतारीसारखेच, पण नळी सरळ वर गेलेली आणि माणसांच्या डोक्यांवरून शत्रूकडे तोंड वासून पाहणारे डुक्कर. ते सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे आहे. मूळ तोंड आता एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९९० च्या दशकात त्याबरहुकूम नवे वाद्य घडवून वाजवण्यात आले, आणि त्याचे ध्वनिमुद्रण ऐकताना मला खंडोबाच्या जत्रेतले शिंग आठवले.

याच संग्रहालयाची देखभाल काही काळ टॉमस एडवर्ड नावाच्या माणसाने केली. तो धंद्याने चांभार होता. दिवसभर जोडे शिवायचे आणि रात्री किनाऱ्यावर, कड्याकपारीत हिंडून किडे, पक्षी, कवचधारी जलचर गोळा करायचे, असा त्याचा क्रम होता. १८६६ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेने त्याला सहयोगी सदस्य करून घेतले. सुभाषरोडच्या चप्पल ओळीत वाढलेल्या माझ्या आजोबांना हा माणूस भेटला असता तर ते त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसले असते, असे मला नेहमी वाटते.

एक सूचना: लहान संग्रहालये उन्हाळ्यातच, तेही आठवड्यातले काही दिवस आणि काही तासच उघडी असतात, कारण बरीचशी स्वयंसेवकांवर चालतात. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करावा. दफ्तरखान्यात मात्र आधी वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये. तेथे फक्त शिसपेन्सिल चालते आणि आपली पिशवी बाहेर ठेवावी लागते.

रुमाल_उलगडणारा

वरील माहिती उत्तम आहे. केवळ मूळ कागदांच्या प्रश्नापुरते लिहितो.

ग्रँट डफने आपल्या तळटीपांत अनेक ठिकाणी असे नोंदवले आहे की, वापरलेल्या हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या आहेत. ही संस्था १८०४ मध्ये स्थापन झाली आणि तिचाच वारसा आजच्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने ग्रँट डफच्या ग्रंथावर जी परखड टीका केली, तिच्यामुळे या साधनांचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम जोराने पुढे आला, आणि १८९८ पासून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी साधनांचे खंड काढायला सुरुवात केली त्यामागेही मूळ कागदच बोलले पाहिजेत हाच आग्रह होता. तेव्हा ‘मूळ कागद स्कॉटलंडला नेले’ या समजुतीवर प्रवासाची आखणी करू नये. त्याचा सरकारी पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात, तसेच तेथील एल्फिन्स्टनच्या खासगी कागदांत पाहावा, आणि भारतातील बाजू मुंबई व पुणे पुराभिलेखागारांत.

बॅन्फशायरला आपण जावे ते माणूस कोणत्या मातीतला हे पाहण्यासाठी. ज्याच्या घरच्या जगात जमीनदार, कुळे, खंड (जमिनीचे भाडे) आणि वारसा हेच मोठे विषय होते, तो वतन आणि सरंजाम यांकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, हा प्रश्न घेऊन गेलात तर तेथील साधे भाडेपट्टेही बोलू लागतील. त्यासाठी एक पुस्तकी साधन घरबसल्या उपलब्ध आहे. सर जॉन सिंक्लेअरने १७९१ ते १७९९ या काळात स्कॉटलंडमधील प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूकडून माहिती मागवून जो ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’ छापला, त्यात बॅन्फ पॅरिशचेही वर्णन आहे: लोकवस्ती, शेती, मासेमारी, शाळा, गरिबांची मदत. ग्रँट डफच्या बालपणीचा बॅन्फ त्यात मिळतो. दुसरी मालिका १८३४ ते १८४५ मधील आहे, म्हणजे तो ईडनला स्थिरावल्यानंतरची. दोन्ही ओळीने वाचाव्यात.

पाणंद (ता. कागल)

सर, आपला विषय ग्रँट डफचा आहे हे मान्य, पण तेवढ्यासाठी जाऊन मासेमारांची गावे वगळू नका अशी विनंती आहे. मी गावातल्या जुन्या घरांतून कागद गोळा करतो. २०१९ च्या पुरात नदीकाठच्या एका पाहुण्यांच्या घरातली पेटी तीन दिवस पाण्यात राहिली. आम्ही उघडली तेव्हा कागदांचा लगदा झाला होता आणि फक्त मधल्या चार-पाच पानांवर शाई शिल्लक होती. ती पाने मी जुन्या धोतराच्या पानांमध्ये घालून वाळवली. तेव्हापासून लहान गावे आपले कागद कसे जपतात हे कुठेही वाचायला मिळाले तर मी वाचतो.

आमच्या गावात निम्मी घरे पाटलांची. दाखल्यावर सगळे एकाच आडनावाचे, पण गावात ओळख ‘मळ्यातले’, ‘वरच्या आळीचे’, ‘घोडेवाले’ अशी. शंभर वर्षांपूर्वीची खरेदीखते जुळवताना हीच ओळख कागदावर नसल्याने अडते. तिकडच्या किनाऱ्यावरही एकेका गावात दोन-तीनच आडनावे असतात असे ऐकले आहे. त्यांच्या दफ्तरांत माणूस कसा ओळखतात?

डोनकाठची_कोल्हापूरकर

दादा, अगदी नेमका प्रश्न. फिनेख्टीमध्ये फ्लेट, पोर्टनॉकीमध्ये मेअर, बकीमध्ये स्मिथ आणि काउई अशी आडनावे भरून राहिलेली आहेत, आणि पहिली नावेही तीच जेम्स, जॉन, जॉर्ज. म्हणून प्रत्येक कुटुंबाला ‘टी-नेम’ म्हणून जोडनाव असे. ते केवळ बोलण्यात राहिले नाही, तर मतदारयाद्यांसारख्या अधिकृत कागदांतही आडनावापुढे लिहिले गेले. वंशावळ शोधणारा ते आधी विचारून घेतो, नाहीतर चुकीच्या जेम्स स्मिथच्या मागे लागतो. आपल्या गावातली जुनी माणसे आहेत तोवर ‘मळ्यातले’ आणि ‘घोडेवाले’ कोणत्या गटाचे, कोणत्या सालापासूनचे, हे वहीत लिहून काढा.

बकीला मासेमारीचे एक लहान वारसा केंद्र आहे, आणि पोर्टसॉयला १८३४ मध्ये बांधलेली सॅमन मासे साठवण्याची ‘बोथी’ आता संग्रहालय म्हणून पाहता येते. या किनाऱ्यावर हेरिंगचा धंदा पहिल्या महायुद्धाच्या आधी शिगेला होता. बायका तिघींच्या टोळीने काम करीत: दोघी मासा चिरून आतडी काढायच्या, तिसरी पिंपात मिठाचे थर देत मासे रचायची, आणि हंगामाबरोबर त्या इंग्लंडच्या यार्मथपर्यंत जायच्या. त्यांच्या हस्तकौशल्याच्या खुणांपैकी मला सगळ्यांत जवळची वाटते ती बोटांना गुंडाळायची कापडाची चिंधी. सुरीने बोट कापले तर मीठ जखमेत जाऊन ती भरत नसे, म्हणून पिठाच्या पोत्याच्या पट्ट्या फाडून प्रत्येक बोट दोऱ्याने बांधायचे. अशी चिंधी कुणी जपून ठेवत नाही. ती संग्रहात येते तेव्हा कुणाच्या तरी नातीने आजीचा डबा उघडलेला असतो.

करवीरवाचक (कोल्हापूर)

आपणा सर्वांचा ऋणी आहे. ‘जेम्स ग्रँट’ या नावाची सूचना मिळाली नसती तर माझे पहिले दोन दिवस वाया गेले असते.

आता आखणी अशी करतो. निघण्यापूर्वी बॅन्फ पॅरिशचे दोन्ही वृत्तांत वाचून टिपणे काढतो आणि बाप्तिस्म्याची नोंद येथूनच पाहतो. मुंबईला विमान पकडण्याआधी एक दिवस एशियाटिक सोसायटीसाठी राखतो. तिकडे गेल्यावर बॅन्फला एक मुक्काम, पोर्टसॉय आणि बकीला मिळून एक दिवस, आणि अ‍ॅबरडीनच्या दफ्तरखान्यात आधी वेळ घेऊन दोन सकाळी. तेथील नगरसभेच्या नोंदवह्या १३९८ पासूनच्या आहेत आणि त्यांना युनेस्कोच्या ब्रिटनमधील ‘जागतिक स्मृती’ यादीत स्थान मिळाले आहे, असे वाचले, त्याही डोळ्यांखालून घालाव्यात असे मनात आहे. ईडनच्या भाडेपट्ट्यांबद्दल दफ्तरखान्याला आजच पत्र लिहितो.

पाणंद, आपल्या वहीसाठी एक सुचवतो. पुराभिलेखागारात कागल भागाचे काही रुमाल मी पाहिलेले आहेत, आणि त्यांत पाटलांच्या नावापुढे कुठे कुठे मळ्याचे किंवा विहिरीचे नाव येते. पुढच्या मंगळवारी मी तेथे असेन. आपण आपल्या गावची यादी घेऊन आलात तर एकत्र बसून जुळवून पाहू.